गार्ड शिव्या देतो, कोर्ट ऐकेल का?

प्रश्न: अमेरिकेत राज्याच्या जेलमध्ये गार्ड कैद्याला रोज शिव्या देतो, मुद्दाम कोठडीची झडती घेतो, तर केस करता येते का?

उत्तर: येते हो, सेक्शन 1983 खाली (राज्याच्या अधिकाऱ्याने घटनेतले हक्क मोडले तर त्याच्यावर केस करू देणारं अमेरिकी कायद्याचं कलम), पण कैद्यांच्या केसेसवरच्या 1996 च्या कायद्यामुळे आधी जेलमधलीच तक्रार शेवटच्या पायरीपर्यंत न्यावी लागते, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध बोंब मारायची त्यांच्याकडेच फॉर्म द्यायचा (कमाल आहे!) आणि मुदत चुकली की केस बहुतेक बाद. नुसत्या शिव्यांना कोर्टं सहसा दाद देत नाहीत. झडतीबद्दल 1984 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, कोठडीत प्रायव्हसी नाही, पण निव्वळ छळायला झडती घेणंही चालणार नाही. मारहाण असेल तर 1992 च्या निकालाप्रमाणे गंभीर इजा नसली तरी केस उभी राहू शकते. त्यामुळे प्रत्येक फॉर्मची कॉपी तारखेसकट जपून ठेवायची.