सर्क्युलर ठराव फिरवण्याआधी

तू चाकणच्या कंपनीत कंपनी सेक्रेटरी म्हणून रुजू झालीस, तेव्हा लवकरच कुणीतरी म्हणेल, "मीटिंग कशाला? सगळ्यांची मेलवर संमती घे." संचालक मंडळाची मीटिंग न घेता संचालकांकडे मसुदा फिरवून अशी संमती घेतलेला ठराव म्हणजे सर्क्युलर ठराव. कंपनी कायदा 2013 च्या कलम 175 नुसार तसं करता येतं, पण आधी विषय बघ. कर्ज काढणं, पैसे गुंतवणं, शेअर काढणं, आर्थिक विवरणपत्रं मंजूर करणं असे कलम 179(3) मधले विषय मीटिंगमध्येच व्हायला हवेत. इथे घाई करणाऱ्या साहेबांपुढे अजिबात नमू नकोस.

बाकी विषयांत मसुदा आणि त्याचे कागद प्रत्येक संचालकाला पाठव, परदेशी गेलेल्यालाही मेल कर. नुसता मसुदा पाठवून सही मागणं मला मुळीच पटत नाही. कागद न बघता माणूस संमती देणार तरी कशावर? उत्तरासाठी जास्तीत जास्त सात दिवस दे. गप्प राहिलेला संचालक तटस्थ धरला जातो, त्याचा होकार मोजायचा नाही. बहुमतही उत्तर देणाऱ्यांचं नव्हे, मतदानाचा हक्क असलेल्या सर्वांचं लागतं. पाच जण असतील तर तीन होकार हवेतच.

एकूण संचालकांपैकी एक तृतीयांश जणांनी मीटिंग मागितली, तर विषय मीटिंगपुढे न्यावा लागतो. आणि हो, ठराव मंजूर झाला की पुढच्या मीटिंगमध्ये त्याची नोंद घेऊन तो इतिवृत्तात घाल. आलेले मेलही त्याच फाइलला लावून ठेव, ऑडिटर तेच आधी मागतात.