लायनर, थर, लिंपण की अस्तर?

स्थापत्य अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे. तिला प्रकल्पाचा गोषवारा मराठीत लिहायचा आहे आणि शीर्षक अडलं आहे: ‘औद्योगिक उप-उत्पादने वापरून भूभरणातील चिकणमाती लायनरची सुधारणा’. भूभरण म्हणजे तिला म्हणायची आहे ती लँडफिल, कचरा पुरायची जागा; लायनर म्हणजे तिच्या तळाशी घातलेलं, घाण पाणी खाली झिरपू न देणारं आवरण. लायनरला थर म्हणावं की लिंपण, आणि बाकीचं शीर्षक बरोबर आहे का, असा तिचा प्रश्न.

लायनरला मराठीत शब्द आहे आणि तो रोजच्या वापरातला आहे: अस्तर. फारसीतून आलेला हा शब्द आपण कोटाला लावतो, रंगारी भिंतीला आधी अस्तर मारतो. कालव्याचं अस्तरीकरण तर खेड्यापाड्यांत सगळ्यांना ठाऊक आहे. शेततळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरतात, तेही अस्तरीकरणच. फक्त एक सांभाळा. अस्तर ही वस्तू, अस्तरीकरण ही क्रिया. ‘अस्तरीकरण फाटले’ असं छापून येतं, ते चूक आहे.

‘थर’ म्हटल्यावर नुसती जाडी कळते. कचऱ्यावर माती पसरतात तोही थरच. अस्तर म्हटलं की आतून लावलेलं आणि पलीकडच्याला जपणारं काहीतरी, हे न सांगता कळतं. इथे जपायचं आहे ते खालचं भूजल. ‘लिंपण’ मला फार आवडतो, पण लिंपण हाताने होतं, पातळ असतं, कणगीला किंवा कुडाला असतं. घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांत 1.5 मिमी जाड प्लास्टिकच्या पडद्याखाली 90 सेंमी मातीचं अस्तर सांगितलं होतं, आणि त्याची पार्यता, म्हणजे त्यातून पाणी झिरपण्याचा वेग, सेकंदाला 1 सेंमीच्या एक कोटीव्या भागाहून जास्त नको, असंही. सोपं करून सांगायचं तर त्या मातीवर नुसतं पाणी साचून राहिलं, तर वर्षभरात जेमतेम 3 सेंमी आत जाईल. याला लिंपण कसं म्हणायचं?

या कामाची भाषा आपल्याकडे माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरांत होती. आजोळच्या माळवदावर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकायचे, पाणी शिंपायचे आणि धुम्मसाने, म्हणजे दांड्याच्या जड ठोकळ्याने, चोपायचे. मी लहानपणी तो धुम्मस उचलायला गेलो, तर हलेना. पहिल्या पावसात कोपऱ्यातून थेंब टपकला, की आजी वर न बघताच म्हणायची, ‘तिथं चोपायचं राहिलंय.’ आजचा अभियंता रोलर फिरवून हेच करतो. त्याला ‘संघनन’ (कॉम्पॅक्शन) जरूर लिहा, पण एकदा तरी ‘चोपून घट्ट केलेली’ असं लिहा. वाचणाऱ्याला माती दिसेल.

आता ‘सुधारणा’. हा शब्द इथे काहीच सांगत नाही. जमीन सुधारणा म्हटलं की आपल्या डोक्यात पीक येतं. मातीचं नेमकं काय बिघडतं ते आधी बघा. चिकणमाती ओली असताना पाणी अडवते, पण वाळली की आकसते. मराठवाड्यातल्या काळ्या रानात उन्हाळ्यात पाय अडकेल अशा भेगा पडतात. अस्तराला तशा भेगा पडल्या, तर पार्यतेचा आकडा कागदावरच राहील. औद्योगिक उप-उत्पादनांपैकी औष्णिक वीज केंद्राच्या राखेचे कण फुगत नाहीत, आकसत नाहीत, म्हणून ती मिसळली की भेगा कमी होतात. सोबत थोडा चुना असला तर पुढे बांधणीही होते. राख प्रमाणाबाहेर गेली तर मात्र माती उलट पाझरू लागते, म्हणून मिश्रण आधी प्रयोगशाळेत तपासावं लागतं. राखेतले जड धातू पाण्यात उतरतात का, हेही बघावं लागतं. तेव्हा सुधारणा न लिहिता जे झालं ते लिहा: भेगा कमी झाल्या की पाझर कमी झाला?

बाय-प्रॉडक्टसाठी साखर कारखान्यांच्या भागात ‘उपपदार्थ’ रुळला आहे, तोच घ्या. संधी करून ‘उपोत्पादन’ही चालेल; ‘उप-उत्पादन’ मधल्या जोडरेघेमुळे अडखळतं. धातूच्या भट्टीतला स्लॅग वापरला असेल, तर नुसतं ‘मळी’ लिहू नका. आपल्याकडे मळी म्हणजे साखर कारखान्यातली, जिच्यापासून मद्यार्क करतात ती. भट्टीतली ती धातुमळी. फ्लाय ॲशसाठी ‘उडती राख’ मी टाळेन. लोक ‘राखेच्या विटा’ म्हणतात. धुराबरोबर जाणारी बारीक राख आणि भट्टीच्या तळाची जाड राख यांतला फरक दाखवायचा असेल, तिथे ‘फ्लाय ॲश’ लिहा. बाकी सगळीकडे राख पुरते.

‘भूभरण’ने भरावाची क्रिया कळते, जागा नाही. ‘कचरा डेपो’ आणि ‘क्षेपणभूमी’ ऐकून लोकांपुढे उघडे ढीग येतात, ज्यांच्याखाली अस्तर नसतं. म्हणून ‘शास्त्रोक्त भरावभूमी’ बरं. शीर्षक असं होईल: ‘भरावभूमीच्या चिकणमातीच्या अस्तरात राख मिसळून भेगा कमी करणे’. राखेखेरीज दुसरं काही मिसळलं असेल, तर तिथे ‘औद्योगिक उपपदार्थ’ घाला.

लीचेटबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण गोषवाऱ्यात तो येणारच. मी लीचेटच ठेवेन. पहिल्यांदा येईल तिथे ‘कचऱ्यातून झिरपणारं पाणी, म्हणजे लीचेट’ असं लिहा. पुढे परत सांगावं लागणार नाही.