नॉक्स सेन्सर घ्यायच्या आधी हे बघ

भावा, स्कॅनरवर नॉक्स सेन्सरचा (धुरातला नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा) फॉल्ट कोड आला म्हणून लगेच सांगलीला पार्ट आणायला पळू नको, आधी कनेक्टर, वायरिंग आणि सायलेन्सरचं लीकेज बघून घे, डीईएफ (धूर साफ करायचं युरियाचं पाणी) जुनं किंवा भेसळीचं असलं तरी असले कोड येतात. डीईएफ लागणाऱ्या बीएस-६ डिझेल गाडीला बहुतेक दोन नॉक्स सेन्सर असतात, एक एससीआरच्या (सायलेन्सर लाइनमधला नॉक्स कमी करणारा भाग) आधी न एक नंतर, दिसायला सेम पण बदलून चालत नाहीत, त्यामुळं जुन्यावरचा पार्ट नंबर फोटो काढून ने, दुकानदार "हाच बसतोय ओ" म्हणला तरी नंबर जुळवच. मोठ्या ट्रकला २४ व्होल्टचा, कारला १२चा. प्रोब (पाइपात बसणारं टोक) आणि त्याला वायरनं जोडलेली कंट्रोलची डबी जोडीनंच येते, नुसता प्रोब कापून जोडायचा जुगाड करू नको. स्वस्तातला बिनबिलाचा तर कुणी फुकट दिला तरी मी बसवणार नाही.