वायफायवरच्या कुलपाच्या चिन्हावर भिस्त ठेवू नका

नेटवर्कच्या नावाशेजारी कुलूप दिसलं म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालू नका. ते कुलूप डब्ल्यूईपी या वायफायच्या जुन्या सुरक्षा पद्धतीलाही दिसतं, आणि डब्ल्यूईपी २००१ सालीच फुटलंय. आज लॅपटॉप घेऊन बसलेला कुणीही त्याची किल्ली काही मिनिटांत काढतो.

अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमध्ये जोडलेल्या वायफायच्या नावाशेजारच्या चक्रावर दाबा, 'सिक्युरिटी'ची ओळ सापडेल. मॅकवर ऑप्शन दाबून ठेवून वायफायच्या चिन्हावर क्लिक करा. विंडोजमध्ये नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघडा. तिथे डब्ल्यूईपीनंतर आलेलं डब्ल्यूपीए३ किंवा डब्ल्यूपीए२ हवं. डब्ल्यूपीए२ असेल तर सोबत एईएस (माहिती गुप्त करायची मजबूत पद्धत) आहे ना, तेही बघा. टीकेआयपी ही जुनी, कमकुवत पद्धत दिसली तर बदलाच.

माझ्या घरी फोनवर डब्ल्यूपीए२ दिसायचं, म्हणून मी निर्धास्त होतो. एकदा राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर गेलो (पत्ता राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो), तर तिथे 'मिक्स्ड' (म्हणजे एईएस आणि टीकेआयपी दोन्ही चालू) निवडलेलं! एका जुन्या प्रिंटरसाठी टीकेआयपीचं दार उघडंच राहिलं होतं. प्रिंटर वायरने जोडला आणि फक्त एईएस ठेवलं. तेव्हा फोनवर बघून थांबू नका, राउटरमध्येही डोकावा.

तिथेच डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी पिन किंवा बटणाने जोडायची सोय) बंद करा. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, म्हणून जेमतेम ११,००० प्रयत्नांत सापडू शकतो.

आणि पासवर्ड मोबाइल नंबर ठेवला असेल, तर तो आजच बदला.