रेती-गिट्टीचा हिशेब आणि देशांची तुलना

प्रश्न : देशोदेशींच्या अधातू खनिजांच्या वापराच्या एका तक्त्यात चीनचा आकडा भारताच्या कितीतरी पट दिसला. नागपुरात तर गल्लोगल्ली सिमेंटचे रस्ते होत आहेत. मग आपण मागे कसे? आणि हे आकडे येतात तरी कुठून?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करणे बरे. अधातू खनिजांत चुनखडी, जिप्सम, माती असे बरेच काही येते. परंतु वजनाने पाहिल्यास सर्वाधिक भरणा रेती आणि गिट्टीचा असतो, आणि नेमकी तीच अनेक देशांत धड मोजली जात नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील चुनखडी मोठ्या सिमेंट कारखान्यांत जात असल्याने तिचा हिशेब टनागणिक राहतो. नदीपात्रातून रात्री विनारॉयल्टी निघालेल्या टिप्परची नोंद मात्र कोणत्याच वहीत सापडणार नाही. म्हणून अभ्यासक सिमेंटच्या खपावरून अंदाज बांधतात : एक टन सिमेंटमागे सुमारे सहा ते सात टन रेती-गिट्टी, म्हणजे ५० किलोच्या एका पोत्यामागे तीन ते साडेतीन क्विंटल. तेव्हा तक्त्यातील दशांशचिन्हापुढच्या अंकांवर फारसे विसंबू नये.

आता चीन. २०११ ते २०१३ या तीनच वर्षांत त्या देशाने सुमारे ६.६ अब्ज टन सिमेंट वापरले. अमेरिकेचा संपूर्ण विसाव्या शतकातील वापर सुमारे ४.५ अब्ज टन होता. भारत सिमेंट उत्पादनात जगात दुसरा असला, तरी लोकसंख्येने भागल्यावर आपला वापर जागतिक सरासरीच्या बराच खाली राहतो. महालातील चार गल्ल्यांनी त्यात काय फरक पडणार? मात्र वर्षाचा आकडा त्या वर्षी चाललेले बांधकाम सांगतो, आधी उभे राहिलेले नव्हे. अमेरिकेचे महामार्ग आणि धरणे पूर्वीच बांधून झाल्याने तिचा दरडोई सिमेंटवापर आज चीनपेक्षा कितीतरी कमी आहे, म्हणून तिला काटकसरी म्हणण्याचे कारण नाही. उलट फिनलंडसारख्या विरळ वस्तीच्या देशात लांबच लांब रस्ते थोड्या माणसांच्या वाट्याला येत असल्याने दरडोई आकडा फुगतो.

तक्ता कोणत्या पद्धतीचा आहे, हेही पाहावे. एका पद्धतीत देशातील उत्खननात आयात मिळवून निर्यात वजा करतात. समुद्रात भर घालण्यासाठी सिंगापूरने बाहेरून आणलेली रेती त्यामुळे सिंगापूरच्याच खात्यावर पडते. दुसऱ्या पद्धतीत अंतिम ग्राहक शोधला जातो, आणि निर्यातीचा चिनी माल बनवताना खर्ची पडलेल्या खनिजांचा वाटा तो माल विकत घेणाऱ्या देशाच्या नावे लिहिला जातो.