ट्यूब की ट्रान्झिस्टर? आधी स्पीकर बघा

तुम्ही लिहिलंय की दादरच्या घरी दहा बाय बाराची खोली आहे, स्पीकर ८५ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे बुकशेल्फ, आणि ऐकणं मुख्यतः ख्याल नि नाट्यसंगीत. मित्राकडे ९८ डेसिबलच्या हॉर्न स्पीकरवर ३००बी नावाच्या ट्यूबचा सिंगल-एंडेड (प्रत्येक चॅनलला एकच पॉवर ट्यूब असलेला) अ‍ॅम्प ऐकलात आणि आता तोच घ्यावासा वाटतोय.

तुमच्या स्पीकरसाठी घेऊ नका. अ‍ॅम्प उत्तमच आहे, पण ही जोडी जमणार नाही.

हिशेब असा. ३००बीच्या एका ट्यूबमधून साधारण ८ वॉट मिळतात. तुमच्या स्पीकरला १ वॉट दिला की १ मीटरवर ८५ डेसिबल; अडीच मीटरवर बसलात, तर दुसरा स्पीकर आणि भिंतींवरून परतणारा आवाज धरूनही ८२च्या आसपास. गाणं सरासरी ७५वर ऐकत असलात तरी तबल्याची थाप किंवा तार सप्तकातली पुकार त्यावर २० डेसिबल चढू शकते. म्हणजे ९५ हवेत. १३ डेसिबल वाढवायला शक्ती २० पट लागते, म्हणून २० वॉट. मित्राच्या हॉर्नवर तेच काम एका वॉटात होतं! ट्यूब अ‍ॅम्प कमी पडला तरी कर्कश होत नाही, शिखरं हळूहळू दाबतो. त्यामुळे बिघाड चटकन कळत नाही, फक्त थापेतला जोर गेलेला असतो.

आता ट्यूबच्या आवाजात असते म्हणतात ती ‘ऊब’. तिचा एक भाग खरोखर ट्यूबचा आहे. सिंगल-एंडेड ट्रायोड (३००बी हा त्याच प्रकारचा) मुख्यतः दुसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा स्वर, मिसळतो. सा लावला की त्यात तार सा. गळ्याला तो खुपत नाही, उलट आवाज भरीव वाटतो. पण दुसरा भाग स्पीकरचा असतो, आणि तो कुणी सांगत नाही. ट्यूब अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा आतला विरोध) २ ओहम धरा. ८ ओहमचा म्हणून विकलेला स्पीकर कुठे ४ ओहमवर उतरतो, कुठे २४वर चढतो. या दोन ठिकाणांच्या आवाजात जवळजवळ ३ डेसिबलचा फरक पडतो, म्हणजे स्पीकरचा मूळ स्वरच बदलतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा इम्पिडन्स बहुधा ०.१ ओहमच्या आत असतो, तिथे हे घडत नाही. १९८५ साली अमेरिकन अभियंते बॉब कार्व्हर यांनी आपला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प असाच जुळवत नेला, इतका की ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या परीक्षकांना तो त्यांच्या महागड्या ट्यूब अ‍ॅम्पपासून वेगळा ओळखता आला नाही.

माझ्याकडे दोन्ही आहेत. एकट्या गळ्यासाठी, तंबोऱ्यासाठी मी ट्यूब लावतो. पण डग्ग्याचा घुमारा जिथे थांबायला हवा तिथे थांबतो तो ट्रान्झिस्टरवरच, आणि ख्यालात लय अशा थांबण्यावरच उभी असते. म्हणून तुम्हाला मी ५०-६० वॉटचा साधा क्लास एबी (नेहमीच्या रचनेचा) ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प सुचवेन.

ट्यूबच हवी असेल तर ईएल३४ ट्यूबचा पुश-पुल (प्रत्येक चॅनलला दोन ट्यूब जोडीने चालवणारा) बघा, ३५ वॉटच्या आसपासचा. फक्त मे महिन्यात काय होतं तेही ऐका. चार ईएल३४चे नुसते हीटरच ३८ वॉट खातात, सगळा मिळून दीडशे-दोनशे वॉटचा ताप खोलीत. मग पंखा वाढवावा लागतो, आणि त्याच्या घरघरीत तंबोरा बुडतो. पॉवर ट्यूब काही हजार तासांनी बदलायची, बायस (ट्यूबमधून स्थिर वाहणारा प्रवाह ठरवणारी जुळणी) तपासायचा. दादरला समुद्र जवळ, म्हणून पावसाळ्यानंतर सॉकेटच्या पिना साफ करून घ्यायच्या.

घरात लहान मुलं असतील तर ट्यूबवरची जाळी काढू नका. आत ४०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तो टिकून राहू शकतो. स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प कधी चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि कुठलाही अ‍ॅम्प घेण्याआधी दुकानात स्वतःचे स्पीकर घेऊन जा, टॅक्सीचं भाडं पडलं तरी.