वाचकांचे प्रश्न : सेकंद दाखवणारं मोबाइलचं घड्याळ

प्रश्न : सासूबाईंची नाडी रोज मोजून वहीत लिहायची आहे. माझ्या अँड्रॉइड फोनवर तास-मिनिटंच दिसतात. सेकंदांचं एक अ‍ॅप उतरवलं, पण मोजता मोजता मध्येच जाहिरात येते. चांगलं अ‍ॅप सुचवाल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ते अ‍ॅप आधी काढून टाका. गूगलचं घड्याळ बऱ्याच फोनमध्ये असतंच आणि त्यात सेकंदांची सोय आहे, फक्त ती सुरू करावी लागते. 'क्लॉक' उघडा, वर उजवीकडच्या तीन टिंबांवर दाबून 'सेटिंग्ज'मध्ये जा. तिथे 'स्टाइल' डिजिटल ठेवा आणि 'डिस्प्ले टाइम विथ सेकंड्स' चालू करा. मागे येऊन खालच्या पट्टीतलं 'क्लॉक' दाबलं की सेकंद दिसू लागतील. फोनमध्ये कंपनीचं वेगळंच घड्याळ असेल, तर प्ले स्टोअरवर 'क्लॉक' शोधा आणि नावाखाली 'गूगल एलएलसी' लिहिलेलं पाहूनच घ्या. तिथे एकसारख्या चित्रांची बरीच अ‍ॅप्स आहेत. नुसती वेळ दाखवणारं अ‍ॅप कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागत असेल, तर ते ठेवूच नका.

मोजताना एक अडचण हमखास येते. बोटं मनगटावर असतात आणि स्क्रीन विझतो. 'सेटिंग्ज', 'डिस्प्ले', 'स्क्रीन टाइमआउट' असं जाऊन वेळ किमान 2 मिनिटं करा. नाडी एकसारखी लागत असेल तर 30 सेकंद मोजून दुप्पट केलेली चालते. ठोके मागेपुढे पडत असतील तर पूर्ण 60 सेकंद मोजा, नाहीतर आकडा फसवा येतो. अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःची नाडी जाणवते.

सगळ्या स्क्रीनवर तरंगणारं घड्याळ देणारी अ‍ॅप्सही मिळतात. त्यांना 'इतर अ‍ॅप्सवर दाखवा' ही परवानगी द्यावी लागते. ती दिलेली असली की काही बँकांची आणि पैसे भरायची अ‍ॅप्स अडून बसतात. नाडीसाठी तरी त्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : आमच्या घरातल्या दोन फोनच्या वेळेत काही सेकंदांचा फरक आहे. तत्काळ तिकीट काढताना कोणता फोन खरा धरायचा?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : कोणताच नाही. खिडकी उघडते ती रेल्वेच्या सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे : प्रवासाच्या आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी 10 वाजता, बाकीच्यांसाठी 11 वाजता. गाडी सुटण्याचा दिवस इथे तिच्या पहिल्या स्टेशनवरून धरतात. त्यामुळे लांबून येऊन पुण्याला दुसऱ्या दिवशी पोचणाऱ्या गाडीच्या बाबतीत तारीख चुकते, आणि ती चूक दोन सेकंदांपेक्षा फार महागात पडते.

तरीही फोनची वेळ नीट असावीच. दोन्ही फोनवर 'तारीख आणि वेळ' स्वयंचलित आहे का पाहा. ती बंद असेल तर घड्याळ हळूहळू सरकतं. चालू असूनही फरक राहतो, कारण एखादा फोन वेळ मोबाइल टॉवरकडून घेतो, एखादा इंटरनेटवरून, आणि टॉवरची वेळ सेकंदाला सेकंद जुळेलच असं नाही. ब्राउझरमध्ये 'टाइम डॉट इज' ही साइट उघडा. तुमचं घड्याळ किती पुढे वा मागे आहे ते ती सेकंदांच्या अंशापर्यंत सांगते. भारताची प्रमाणवेळ सांभाळण्याचं काम नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे आहे.

प्रश्न : आयफोनवर सेकंद कुठे दिसतात?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : होम स्क्रीनवरच्या घड्याळाच्या आयकॉनमधला सेकंदकाटा खराखुरा फिरतो, नीट बघा. आकड्यांत हवे असतील तर वर सांगितलेली साइट सफारीत उघडून 'शेअर'मधून 'अ‍ॅड टु होम स्क्रीन' करा. स्क्रीन विझू नये म्हणून 'डिस्प्ले अँड ब्राइटनेस'मध्ये 'ऑटो-लॉक' 5 मिनिटं ठेवा.